फायनल फँटसीसाठी अख्खा बोनस? थांबा जरा, आधी एकच डिस्क घ्या

प्रश्न थोडक्यात असा आलाय. वय ३१, नोकरी चालू, एका पगाराइतका बोनस हातात पडलाय आणि फायनल फँटसी ही व्हिडिओ गेमची सिरीज बरीच वर्षं खेळायची राहून गेलीय. प्लॅन असा की नवा पीएस५ म्हणजे प्लेस्टेशन ५ कन्सोल घ्यायचा, त्यावर सिरीजमधला १६वा गेम आणि ७च्या रीमेकचे (म्हणजे सातवाच नव्याने बनवलेला) दोन्ही भाग, शिवाय जुन्या पहिल्या सहा गेमचं बंडल, कारण मोठा भाऊ म्हणतो १ पासून सुरू केलं नाही तर काही कळणार नाही. यात बोनसचे ८० टक्के जातात. घरात पीएस४ आहे, चांगला चालतो. खेळायला वेळ आठवड्याला ६ तास. इमर्जन्सी फंड दोन महिन्यांच्या खर्चाइतका. आणि मग शेवटी अगदी सहज जाता जाता लिहिल्यासारखं, 'कार्डावर थोडी बाकी आहे, मिनिमम भरतोय', ती बाकी म्हणजे बोनसचे ३० टक्के.

ती शेवटची ओळ मी सगळ्यात आधी घेतो. मिनिमम भरलं की बँकेचा फोन येत नाही म्हणून माणसाला वाटतं सगळं सुरळीत चाललंय, पण उरलेल्या रकमेवर व्याज चढतच असतं, आणि सहसा घरातल्या सगळ्या कर्जांत कार्डाचंच महाग असतं. वर बहुतेक कार्डांचा नियम असा की मागची बाकी असेल तर नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, म्हणजे कन्सोल त्याच कार्डावर स्वाइप केलात तर पहिल्या दिवसापासून मीटर चालू. तेव्हा बोनसचे ३० टक्के तिकडे, आजच. यावर माझ्याशी वाद घालू नका. अजून ५० टक्के इमर्जन्सी फंडात, दोन महिने म्हणजे फारच कमी हो, नोकरी गेली तर दुसरी मिळेपर्यंत दोन महिने कसे उडतात कळत पण नाही. झाले ८० टक्के, तुम्ही गेमला काढले होते तेवढेच.

उरले २०. तुम्हाला वाटेल आता हा म्हणणार गेमबिम सोडा आणि एसआयपी करा, तर नाही, मी स्वतः खेळतो आणि ही सिरीज मला मनापासून आवडते. माझा आक्षेप तुमच्या खरेदीच्या क्रमावर आहे.

आधी भावाचं बघू. पहिला गेम १९८७चा, आकडे बघून कुणालाही वाटणारच की ही एक लांबलचक गोष्ट आहे आणि मधे चढलं तर संदर्भ लागणार नाही. पण इथे जवळजवळ प्रत्येक नंबरचा गेम म्हणजे वेगळं जग, वेगळी माणसं, वेगळी गोष्ट. चोकोबो नावाचा तो मोठा पिवळा पक्षी, मूगल नावाचे छोटे केसाळ प्राणी, सिड नावाचं कुणीतरी, असल्या ओळखीच्या खुणा फक्त परत परत दिसतात. थेट पुढचा भाग असेल तर तो नावातच कळतो, १०-२ किंवा १३-२ असा. आणि आकड्यांचं म्हणाल तर १९९४ला अमेरिकेत सहावा गेम '३' म्हणून विकला गेला, कारण मधले काही तिकडे आलेच नव्हते, तरी लोकांचं काही अडलं नाही. तेव्हा भावाला नमस्कार सांगा आणि १ पासूनचा हट्ट सोडा. मी तो करून बसलोय. पहिला कसाबसा संपवला आणि दुसऱ्यात गाडी अडकली, त्यात नेहमीसारखी लेव्हल नसतेच, जे हत्यार वापराल ते वाढतं, मार खाल्ला की ताकद वाढते, म्हणून लोक स्वतःच्याच टीमला झोडपत बसतात, मी पण बसलो होतो, रात्री साडेबाराला, दुसऱ्या दिवशी क्लायंट मीटिंग असताना.

बंडलचा हिशोब सोपा आहे. समजा सहाही एकाच किमतीचे आणि बंडलवर २५ टक्के सूट, म्हणजे तुम्ही साडेचार गेमचे पैसे देताय. पाच-सहा संपवलेत तर फायदा, चार संपवलेत तर तोटा, आणि माझ्यासारखे दुसऱ्यातच अडकलात तर विचारूच नका. सूट किती हे दुकान सांगतं, तुम्ही किती खेळणार हे दुकानाला माहीत नसतं. आता तास मोजा. सहाही मिळून साधारण १४०-१५० तास, त्यात १६वा आणि रीमेकचे दोन भाग धरले तर २५० ते २७५, तेही साइड क्वेस्टच्या, म्हणजे मुख्य गोष्टीबाहेरच्या कामांच्या, फार मागे न लागता. आठवड्याला ६ तास म्हणजे दहा-अकरा महिने, एकही आठवडा खाडा न करता. म्हणजे वर्षभराचा माल आज पूर्ण भावात भरून ठेवायचा, आणि सिंगल प्लेअर गेम तर अशी वस्तू की थांबलं की स्वस्त होते, डीएलसी म्हणजे नंतर वेगळे विकलेले जादा भाग मिळून कंप्लीट एडिशन येते, सेल लागतो. भाव पडणारा माल आधी भरून ठेवायची घाई कुठला व्यापारी करेल?

कन्सोलचं तर अजून गमतीशीर आहे. तुमच्या पीएस४वर काय काय मिळतं बघा: १ ते ६ पिक्सेल रीमास्टर म्हणून (जुनेच गेम, चित्रं आणि आवाज सुधारून), मूळ ७, ८, ९, १० आणि १०-२ एकत्र, १२, १५, आणि ७च्या रीमेकचा पहिला भागसुद्धा. तुमच्या यादीतले फक्त दोन मिळत नाहीत, २०२३चा १६वा आणि २०२४चा रीबर्थ. रीबर्थ रीमेकचा दुसरा भाग आहे, पहिला खेळल्याशिवाय त्याला हात लावून उपयोग नाही, आणि पहिल्या भागात मूळ गेमचं सुरुवातीचं एकच शहर येतं, मूळ खेळलेल्या माणसासाठी त्यात मधे मधे बरेच इशारे आहेत जे नव्या माणसाला कळत नाहीत. म्हणजे रीबर्थला हात घालायची वेळ यायला तुम्हाला बरेच महिने आहेत. राहिला १६वा, एका गेमसाठी नवा कन्सोल. हे मला तरी पटत नाही.

मग सुरुवात कुठून? माझं मत १०वा, एचडी रीमास्टर, आणि शक्यतो डिस्क. मूळ २००१चा आहे पण दमून घरी आलेल्या माणसाला याच्याइतका सोयीचा दुसरा नाही. लढाई पाळीपाळीने चालते, कोपऱ्यात पुढे कुणाची पाळी ते लिहिलेलं असतं, तुम्ही बटण दाबत नाही तोवर शत्रूही उभाच राहतो, फोन आला तर घ्या, दूध उतू चाललंय तर गॅस बंद करून या. आपल्या टीममधला कोण कुठल्या शत्रूवर चालतो हे पहिल्या काही तासांतच हाताला बसतं: उडणाऱ्या शत्रूला वाक्काचा बॉल, चिलखतवाल्याला ऑरॉनची तलवार, आणि जेलीसारखा थलथलणारा फ्लॅन आला की तलवारीचा उपयोग नाही, जादूवाल्या लुलूलाच बोलवायचं, आणि माणूस लढाईच्या मधेच बदलता येतो. रस्ता बराचसा सरळ आहे, आठवडाभर गॅप पडला तरी आपण कुठे होतो ते आठवतं. खटकणारी गोष्ट एक, सीन स्किप होत नाहीत. पुढे गागाझेट डोंगरावर एक लढाई आहे, मी ती चार वेळा हरलो आणि प्रत्येक वेळी त्या शत्रूचं आधीचं सगळं भाषण ऐकलं, चौथ्यांदा तर मीच त्याच्या बरोबरीने डायलॉग म्हणत होतो.

डिस्क एवढ्यासाठी की आवडला नाही तर विकता येते, डिजिटलचं तसं नाही. आणि पुढेमागे पीएस५ घेतलात तर डिस्क ड्राइव्ह असलेला घ्या, पीएस४ची ही डिस्क त्यावर चालते. ड्राइव्ह नसलेलं मॉडेल थोडं स्वस्त दिसतं पण सेकंडहँड डिस्कचा दरवाजा बंद होतो, नव्या मॉडेलला ड्राइव्ह नंतर जोडता येतो खरा पण तो वेगळा विकत घ्यावा लागतो. जुनी पिक्सेलवाली चित्रं जास्त आवडत असतील तर १०व्याऐवजी सहावा एकटा घ्या, पीएस४च्या आवृत्तीत रँडम लढाया, म्हणजे चालता चालता अचानक सुरू होणाऱ्या, बंद करायची सोय पण आहे.

ऑनलाइनवाल्या १४व्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण कुणीतरी सुचवणारच. त्याची फ्री ट्रायल भरपूर मोठी आहे, लेव्हल ७० पर्यंत, पहिली दोन एक्स्पान्शन (नंतर जोडलेले मोठे भाग) धरून, वेळेची मर्यादा नाही. पण एकदा पैसे भरले की त्या अकाउंटवर परत ट्रायलला येता येत नाही आणि मग दर महिन्याची फी सुरू, खेळा किंवा नका खेळू. आठवड्याला ६ तासवाल्या माणसाने ट्रायलच्या पुढे जाऊ नये असं माझं मत.

तर २० टक्क्यांतले ५ गेमला ठेवा, त्यात ही डिस्क आणि पुढचा एखादा आरामात बसेल. १५ टक्के वेगळ्या खात्यात, त्याला कन्सोल फंड म्हणा, दर महिन्याला थोडे टाकत रहा, कार्डाचा हप्ता आता जाणार नाहीये तेच पैसे तिकडे वळवा. १०वा, मूळ ७वा आणि रीमेकचा पहिला भाग हे तीन संपले, आणि फंड भरला, की नवा कन्सोल रोखीने घ्या, मी आडवा येणार नाही.

आणि हो, १०व्यात सात-आठ तासांनी लुका नावाचं शहर येईल, तिथे ब्लिट्झबॉल नावाच्या पाण्यातल्या बॉलच्या खेळाचा सामना आहे. बहुतेक सगळे तो पहिल्यांदा हरतात. हरलात तरी गोष्ट पुढे जाते, सेव्ह परत लोड करत अख्खा रविवार घालवू नका.