बोटीच्या स्टर्नड्राइव्हचं (इंजिन आत, प्रोपेलरचं ड्राइव्ह मागे बाहेर) इंजिन सरळ रेषेत बसवतोय. अलाइनमेंट बार (सरळपणा तपासायचा लांब दांडा) गिंबल बेअरिंगमधून (बोटीच्या मागच्या भिंतीजवळचं, ड्राइव्हच्या शाफ्टला आधार देणारं बेअरिंग) जातो, पण इंजिनच्या कपलरमध्ये (शाफ्ट जिथे बसतो तो दातेरी जोड) शिरत नाही. इंजिनचे पुढचे माउंट (आट्यांनी वर-खाली होणारे रबरी आधार) किती फिरवू?

लगेच माउंटला हात लावू नका. आधी बेअरिंग बघा. गिंबल बेअरिंग त्याच्या हाउसिंगमध्ये (ते बसतं त्या खाचेत) थोडं तिरकं होऊ शकतं आणि बहुतेक वेळा तिथेच गाडं अडतं. बार आत ठेवून त्याच्या बाहेरच्या टोकाला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे हलके टोले द्या, की बेअरिंग सरळ होतं.

आता बारच्या टोकाला ग्रीसचा पातळ थर लावा, हाताने आत सरकवा आणि न फिरवता सरळ बाहेर काढा. ग्रीसमध्ये कपलरच्या दात्यांचे ठसे दिसतील. चारी बाजूंनी सारखे असतील तर काम झालं. फक्त वर किंवा खालीच खोल ठसा असेल, तर पुढचे माउंट फिरवा. एका वेळी अर्धाच आटा, दोन्ही बाजू सारख्या, मग पुन्हा ठसा. मागचे माउंट ट्रान्सम प्लेटवर (बोटीच्या मागच्या भिंतीवरची प्लेट) पक्के असतात, तिथे फिरवण्यासारखं काही नसतं. बार दोन बोटांनी आत-बाहेर सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून घातलेला बार म्हणजे अलाइनमेंट नव्हे! जमलं की इंजिन पाव फेरा फिरवून परत तपासा, आणि लॉकनट आवळल्यावर आणखी एकदा, कारण आवळताना माउंट हमखास हलतं.

वर्षभरात पुन्हा बिघडलं तर माउंटचं रबर आणि त्याखालचं लाकूड तपासा. स्ट्रिंगर (इंजिनखालचा लांब लाकडी आधार) कुजलेला असेल तर कितीही आटे फिरवा, इंजिन खचतच राहणार.