उंच निवासी इमारतीचा आराखडा करताना
पहिली रेघ ओढण्यापूर्वी त्या जागेवर ऊन, वारा आणि पाऊस वर्षभर कोणत्या दिशांनी येतात, हे आपण नीट समजून घ्यावे, असा माझा आग्रह आहे. मुंबईत १९८३ साली पूर्ण झालेल्या ‘कांचनजंगा’ इमारतीत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्यापुढे हाच पेच होता: समुद्राचा वारा पश्चिमेचा, पण दुपारचे तापलेले ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच, म्हणून त्यांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याची कल्पना उंचावर नेऊन कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या दिल्या. याउलट, हवामानाशी काही संबंध नसताना दर्शनी भागावर नुसत्या चिकटवलेल्या कमानी मला मनापासून खटकतात. वरच्या मजल्यांवर वाऱ्याचा जोर वाढत असल्याने तिथले छज्जे आणि खिडक्या स्वतंत्रपणे आखाव्यात.