सूर-सवाल : चाल एआयनं दिली, मग मी संगीतकार कसला?

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि गाणं-बजावणं या एकाच विषयावरची पत्रं या वेळी घेतली आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी पोटातली धास्ती एकच : यंत्र वापरलं की आपण खरे गवई, खरे वादक, खरे संगीतकार राहतो का?

मी अभंग आणि भावगीतं लिहितो. चाली गुणगुणून बांधायची सवय आहे, शास्त्रोक्त तालीम झालेली नाही. सध्या ‘सुनो’ या एआय साधनात शब्द टाकून पूर्ण गाणी करून घेतो. आमच्या भजनी मंडळातल्या बुवांना ऐकवलं तर म्हणाले, “छान आहे, पण यात तुझं काय?” शब्द माझे, निवड माझी. मग मी संगीतकार नाही का? — एक वाचक, सांगली

शब्द तुमचे, तेव्हा गीतकार तुम्ही नक्कीच. राहिली चाल. बुवांचा प्रश्न बोचरा आहे, पण रास्त आहे, आणि त्याचा निकाल वाद न घालता लागतो. त्या गाण्याची एक ओळ पेटी न घेता, पट्टी बदलून म्हणून बघा. मग त्याच ओळीला दुसरं वळण द्या, तेवढ्याच मात्रांत समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येणारं. जमलं तर चाल तुमच्या ताब्यात आहे. सुचली कुठून हा मुद्दा गौण. नाही जमलं तर आलेल्या चार चालींतली एक तुम्ही पसंत केलीत, एवढंच. असं पारखून निवडणं हे निर्मात्याचं काम आणि ते हलकं नाही, पण त्याला संगीतकार म्हणत नाहीत.

आता यंत्र अभंगात नेमकं कुठे घसरतं ते बघू, कारण तिथेच तुमचं काम सुरू होतं. मोठ्या अभंगाचा चरण 6-6-6-4 अक्षरांचा. गाताना ‘सुंदर ते ध्यान’मधला शेवटचा ‘न’ पूर्ण उच्चारला तरच सहा अक्षरं भरतात. यंत्र तो बोलण्यातल्यासारखा ‘ध्यान्’ असा तोडतं आणि कमी पडलेली जागा ‘आ’ ताणून भरतं. म्हणजे यतीची (चरणातल्या विरामाची) जागा सरकली. दुसरं, ‘चांदणं’ आणि ‘चंद्र’ यांतले दोन वेगळे ‘च’ त्याला कळत नाहीत. ‘माझा’तला ‘झ’ हिंदी होतो. शब्दांच्या चौकटीत ‘त्सांदणं’ लिहून बघता येईल. कधी निभतं, कधी ‘त’ आणि ‘स’ सुटे ऐकू येतात. तिसरं तालाचं. रूपक (सात मात्रांचा ताल) मागितला तर पुष्कळदा तबल्याच्या नादातला चार-चारचा ठोकाच मिळतो. सात मात्रा आल्याच, तरी रूपकात समेवर खाली असते, तिथे बायाचा (डग्ग्याचा) घुमारा नको. यंत्र नेमका तिथेच दणकून बाया देतं. टाळकऱ्याला हे पहिल्या आवर्तनात खटकेल.

म्हणून क्रम उलटा करा. तानपुरा आणि मिनिटाला 70 च्या आसपासचा मेट्रोनोम कानात लावून मुखडा आणि एक अंतरा आधी स्वतः गुणगुणून फोनवर घ्या. भातखंडे पद्धतीनं स्वरलिपी लिहा, समेची खूण करा. लिहिण्याचा कंटाळा येईल, पण पुढची सगळी तपासणी त्या कागदावर अवलंबून आहे. मग आपलं ध्वनिमुद्रण यंत्रात चढवून त्यावर फक्त वाद्यमेळ मागा. अशी सोय आता बऱ्याच साधनांत आहे. जे येईल ते स्वरलिपीशी ओळीनं ताडून बघा. बदल साधारण दोन जागी दिसतात : कणस्वर (मुख्य सुराला ओझरता लागणारा सूर) गळून सपाट सूर उरतो, आणि ओळ तुमच्या न्यासाच्या (विसाव्याच्या) स्वरावर न थांबता खालच्या कॉर्डमधल्या सोयीच्या स्वरावर टेकते. दुसरा बदल जास्त घातक, कारण तो कानाला गोड लागतो आणि चालीचा राग नकळत बिघडवतो. शेवटी यंत्राच्या वाद्यमेळातली तारवाद्यं ठेवा, त्याचा तबला आणि गळा काढून टाका. टाळ-पखवाज मंडळातला असू द्या, गा तुम्ही किंवा बुवांनी. एवढं केल्यावर “यात तुझं काय” हे बुवाच सांगतील.

जुन्या नाट्यगीताच्या तबकडीतून गायन काढून उरलेल्या साथीवर गायचं आहे. आवाज वेगळा करणारं एआय वापरलं, पण साथीत गायकाचं भूत राहतं आणि तबला चिरफाळतो. काय चुकतंय? आणि ही फसवणूक तर नव्हे? — एक वाचक, नाशिक

चूक तुमची नाही, यंत्राच्या शिक्षणाची आहे. डेमक्ससारखी साधनं गाण्याचे चार कप्पे करतात : गळा, ड्रम, बास आणि इतर. ज्या संचावर ती शिकली आणि जोखली जातात, त्यांतला प्रसिद्ध संच 150 गाण्यांचा आणि बहुतांशी पाश्चात्त्य पॉप-रॉकचा आहे. तबला त्यांच्या हिशेबात नाही. त्यामुळे बायाचा घुमारा बासमध्ये, चाटीचा (तबल्याच्या कडेचा) आघात ड्रममध्ये आणि दायाँची (उजव्या तबल्याची) आस ‘इतर’मध्ये असा एकाच वाद्याचा तीन ठिकाणी बटवडा होतो. त्यात नाट्यगीताला ऑर्गनची साथ, म्हणजे गायकाच्या मागोमाग तेच स्वर. दोघांचा सूर एकच असला की यंत्र गळ्याचा तुकडा ऑर्गनला देतं, ऑर्गनचा गळ्याला. तानांत हे सगळ्यात वाईट होतं.

चार कप्पे करूच नका. ‘गळा’ आणि ‘बाकी सगळं’ एवढे दोनच मागा, डेमक्समध्ये तसा पर्याय आहे. मूळ फाइल वेव्ह किंवा फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारी) घ्या. व्हिडिओवरून उतरवलेल्या आवाजात वरच्या कंपनसंख्या आधीच कापलेल्या असतात, तिथे यंत्र चाचपडतं. तबकडीची टिकटिक आधी काढा, खरखर मात्र जोर लावून घालवू नका. खरखरीबरोबर ‘स’, ‘श’ आणि श्वास जातो आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. पट्टी बदलायची तर दोन स्वरांपलीकडे नेऊ नका. इतकं करूनही आलापाखाली भूत राहील. तेवढ्या जागा हातानं खाली दाबा.

फसवणुकीचं म्हणाल तर मुद्दा कोणाचा आवाज आणि कोणाच्या परवानगीनं हा आहे. बीटल्सचं 2023 मध्ये आलेलं शेवटचं गाणं याच तंत्रानं झालं : जॉन लेननच्या घरगुती कॅसेटवरचा आवाज पियानोपासून सोडवून घेतला. त्याला 2025 मध्ये ग्रॅमीही मिळालं. गळा त्यांचाच होता, यंत्रानं फक्त धूळ झाडली. तुमच्या बाबतीत, भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं असतो, पण शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. तबकडी मोकळी आणि चाल बांधलेली, असं होऊ शकतं. तिकीट लावून कार्यक्रम करणार असाल तर दोन्ही बघा.

खरं तर वेगळा काढलेला *गळा* साथीपेक्षा जास्त कामाचा. निम्म्या वेगानं लावून त्यातल्या हरकती उचला. पूर्वी जी जागा शंभरदा सुई मागे ठेवून मिळायची, ती आता स्वच्छ ऐकू येते.

मुलगी गाण्याच्या ‘मध्यमा’ परीक्षेची तयारी करते. तानपुऱ्याचं ॲप आणि सुराचा आलेख दाखवणारं ॲप लावून रियाज करते. तिच्या बाई म्हणतात, दोन्ही बंद. — एक पालक, ठाणे

बाई अर्ध्या बरोबर आहेत. तानपुऱ्याचं ॲप राहू द्या. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर रियाज करून पिढी तयार झाली आहे. मिरजेचा तानपुरा घरात असेल तर प्रश्नच मिटला, पण तो रोज जुळवायला आधी कान तयार लागतो. फोनच्या स्पीकरमधून खर्ज ऐकूच येत नाही, म्हणून बाहेरचा स्पीकर जोडा आणि आवाज मुलीच्या आवाजापेक्षा कमी ठेवा.

आलेखाचं प्रकरण वेगळं. आकाशवाणीनं 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला बंदी केली होती. आक्षेप असा की तिचे सूर ठरीव आणि तिच्यातून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही. पेटी टिकली, बंदी गेली, पण आक्षेपातलं तथ्य गेलं नाही, आणि या ॲपला ते जसंच्या तसं लागू आहे. पेटीचा शुद्ध गंधार (ग) षड्जापासून (सा) 400 सेंटवर असतो (100 सेंट म्हणजे पेटीवरचं लगतच्या दोन सुरांतलं अंतर). तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार 386 वर. मुलगी तानपुऱ्याशी बरोबर मिळालेला गंधार लावते आणि आलेख तिला ‘14 सेंट उतरलीस’ म्हणून लाल रेघ दाखवतो. ती रेघ हिरवी करायला सूर चढवते आणि तानपुऱ्याशी बिनसते. कोमल गंधारात उलटं : पेटीचा 300, मिळवलेला 316. पंचमात फरक दोनच सेंटचा, म्हणून पंचम पाहून ‘ॲप बरोबर आहे’ अशी खात्री पटते आणि फसगत होते.

सेटिंगमध्ये स्वरसंवादी जुळणी (तानपुऱ्याशी मिळणाऱ्या सुरांची) मिळत असेल तर ती निवडा, षड्ज तिच्या पट्टीचा द्या, उदाहरणार्थ काळी चार. मिळत नसेल तर ॲप काढून टाका. वापरायचंच तर गाताना पडदा बंद. दहा मिनिटं रेकॉर्ड करून मग आलेख बघायचा, तोही फक्त ठेवलेल्या सुरांचा. मींड आणि आंदोलन (सुराचं सावकाश झुलणं) तपासायला आलेख नालायक आहे; दरबारी रागातला कोमल गंधार त्याला सरळसरळ चूक वाटेल. बाईंना हा आलेख आठवड्यातून एकदा दाखवा. कुठला सूर सारखा एकाच बाजूला झुकतो, एवढं त्यातून त्यांना झटकन दिसेल.

गणेशोत्सवासाठी मंडळाचं गीत करतोय. वाद्यमेळ एआयचा. एक जण म्हणतो, प्रसिद्ध गायिकेच्या आवाजात करून देतो. करावं का? आणि श्रेयनामावलीत काय लिहावं? — मंडळाचे कार्यकर्ते, डोंबिवली

आवाजाचं करू नका. गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या साधनांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयानं जुलै 2024 मध्ये अंतरिम मनाई दिली. 2025 मध्ये आशा भोसले यांनाही तिथूनच संरक्षण मिळालं. ए. आर. रहमान यांनी 2024 च्या एका तमिळ चित्रपटात दिवंगत दोन गायकांचे आवाज एआयनं वापरले, पण कुटुंबीयांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. तुमच्याकडे तशी लेखी परवानगी नाही. मंडळातल्या कुणाच्याही गळ्यावर करा, चालेल.

श्रेय खरं लिहा : शब्द, चाल, गायन, ढोलकी यांना माणसांची नावं, आणि ‘वाद्यमेळ : एआय साधनाच्या मदतीनं’. लपवलं तर पहिला जाणकार श्रोताच ओळखेल. हक्काबद्दल, आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणकानं केलेल्या कृतीचा कर्ता ‘ती घडवून आणणारी व्यक्ती’ असं म्हटलंय, पण ही तरतूद 1994 ची, आजच्या साधनांच्या कितीतरी आधीची. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं जानेवारी 2025 मध्ये नुसत्या सूचना लिहिण्याला कर्तेपण मानायला नकार दिला. तेव्हा चाल गुणगुणलेलं पहिलं रेकॉर्डिंग, स्वरलिपीचा कागद आणि प्रकल्पाच्या फाइली तारखेसकट जपून ठेवा. सुनोच्या मोफत खात्यावर केलेलं गाणं व्यावसायिक वापरासाठी नसतं. प्रायोजकाची जाहिरात जोडणार असाल तर हे आधीच बघा.

एक मांडवापुरतं : एआयच्या वाद्यमेळात वरच्या पट्टीत बारीक सळसळ असते. हेडफोनवर ती खपते, कर्ण्यावर टोचते. आठ हजार हर्ट्झच्या वर थोडं दाबा, वाद्यमेळ गळ्यापेक्षा 3-4 डेसिबल खाली घ्या आणि मोनोमध्ये (डावा-उजवा आवाज एकत्र करून) ऐकून बघा, कारण मांडवात तसंच वाजणार आहे.