विचारा ताईंना: रोज एकच रास, रोज नवीन काय लिहू?

प्रश्न: ताई, मला एका अ‍ॅपसाठी फक्त कन्या राशीचं रोजचं भविष्य लिहायचं काम मिळालंय, रोज साठेक शब्द. पहिले दहा दिवस मस्त गेले, आता मी 'धनलाभाचे योग', 'वाणीवर संयम' आणि 'प्रवास जपून' हे तीनच पत्ते पिसतेय. पंचांग बघता येतं पण तेवढंच. नक्की शिकू काय?

उत्तर: अगं, बारा राशी लिहिणाऱ्याचं बरं असतं, आज मेषेला लिहिलेलं चार दिवसांनी सिंहेला ढकललं तरी कुणाला पत्ता लागत नाही कारण मेषवाला सिंह वाचतच नाही. तुझं तसं नाहीये. तुझ्याकडे रोज तोच माणूस येणार, चहा घेता घेता वाचणार आणि मंगळवारचं शुक्रवारी परत आलं की त्याला बरोब्बर कळणार. त्यामुळे तुला ज्योतिष जेवढं शिकायचंय त्याच्यापेक्षा जास्त या एका वाचकाशी रोज बोलायला शिकायचंय, हे आधी डोक्यात घे.

आता सांगाडा. रोजचं भविष्य म्हणजे मुख्यतः चंद्र, बाकीचे ग्रह रोजच्या कामाला फार हळू. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो, सत्तावीस-साडेसत्तावीस दिवसांत फिरून परत तिथेच. तू कन्येपासून मोजायचं: तुळेत आला की दुसरा, धनूत चौथा, मेषेत आठवा, कर्केत अकरावा. जुना नियम असा की १, ३, ६, ७, १०, ११ वा चंद्र चांगला, ४, ८, १२ वा त्रासाचा, आणि २, ५, ९ वा शुक्ल पक्षात चांगला धरतात. हे पाठ कर, दोन दिवसांत होतं.

मग एक वही घे, बारा पानं, एका पानाला एक स्थान, म्हणजे कन्येपासून मोजलेलं एक घर. प्रत्येक पानावर पुस्तकातले शब्द लिहायचे नाहीत, त्या स्थानातल्या हाताला लागतील अशा गोष्टी लिहायच्या. सहावं स्थान म्हणजे 'रोग, ऋण, रिपू' हे सगळ्यांनाच येतं. तू लिही: कधीपासून टाळलेली दाताची अपॉइंटमेंट, मित्राकडून घेतलेले आणि परत न केलेले पैसे, ऑफिसात प्रत्येक मेलला सीसी टाकणारा सहकारी, टेबलाचा डुगडुगणारा पाय. एका पानावर वीस झाल्या की तुला वर्षभर सहाव्या चंद्राची चिंता नाही.

खरी गोची पुढे आहे. चंद्र एकाच स्थानात दोन-तीन दिवस बसतो, मग तीन दिवस तेच लिहायचं का? तर नाही, इथे नक्षत्र कामाला येतं, ते साधारण रोज बदलतं. तुझ्या कन्येचा अवघड काळ घे, चंद्र मेषेत म्हणजे आठवा. पहिल्या दिवशी अश्विनी, मग भरणी, मग कृत्तिकेचा पहिला चरण, म्हणजे पहिला पाव भाग. अश्विनीची देवता अश्विनीकुमार, देवांचे वैद्य, सगळं चटचट. भरणीची यम. कृत्तिकेची अग्नी. म्हणजे आठवाच चंद्र पण पहिला दिवस घाईचा, दुसरा ओझ्याचा, तिसरा तोडून मोकळं होण्याचा. झाले की तीन वेगवेगळे दिवस.

तू पाठवलेला नमुना होता, 'आज प्रकृतीची काळजी घ्यावी, वाहन जपून चालवावे, अनपेक्षित खर्च संभवतात.' हे वाचून माणूस करणार काय? घाबरणार, दुसरं काही नाही. अश्विनीच्या दिवशी मी असं लिहिलं असतं:

'आज सगळ्यांना तुमच्याकडून लगेच उत्तर हवंय. सकाळच्या मेसेजला दुपारी उत्तर दिलंत तरी काही बिघडत नाही. जिथे सही करायची आहे तो कागद एकदा उलटा करून मागची बाजू वाचा. कन्येच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण आज लागेल.'

शेवटचं वाक्य बघ. तेवढंच फक्त कन्येचं आहे. बुधाची रास, बुध इथे स्वतःच्या घरात आणि वर उच्चीचाही, म्हणजे सगळ्यात बलवान, त्यामुळे चिकित्सक, यादी करणारी, दुसऱ्याच्या चुका आधी दिसणारी अशी तिची ख्याती. रोज एक वाक्य असं हवं जे वृषभेला चिकटवलं तर पडेल, बाकीची तीन कुणालाही लागू पडली तरी चालतील, खोटं कशाला बोला.

बुध मात्र रोज बघत जा, तुझा राशीस्वामी आहे तो. वर्षातून तीनदा, कधी चारदा वक्री होतो, दर वेळी साधारण तीन आठवडे. आणि एक, बुध-सूर्य एका राशीत आले की 'दुर्मीळ बुधादित्य योग' वगैरे लिहू नकोस गं. बुध सूर्यापासून २८ अंशांच्या पलीकडे कधी जातच नाही, म्हणजे सूर्याच्या राशीत नाहीतर शेजारच्या राशीत, दुर्मीळ कसला आलाय.

शनी, गुरू, राहू-केतू हे मागचा पडदा. शनी २९ मार्च २०२५ ला मीनेत गेला, म्हणजे कन्येला सातवा, जोडीदाराच्या स्थानात, आणि एका राशीत त्याचा मुक्काम साधारण अडीच वर्षं. तो रोज लिहिलास तर अडीच वर्षं बिचाऱ्या नवरा-बायकोला तेच ऐकायला लागेल. पंधरा दिवसांतून एकदा आठवण काढ, पुरे.

प्रश्न: माझा वाढदिवस १ सप्टेंबरचा, इंग्रजी पेपरात मी कन्या. आईने काढलेल्या पत्रिकेत रास कुंभ आहे. मी कुठलं वाचू? आणि लिहिणारे कुठलं धरून लिहितात?

उत्तर: दोन्ही बरोबर आहेत आणि दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे रास म्हणजे जन्माच्या वेळी चंद्र जिथे होता ती. इंग्रजीतली म्हणजे सूर्य जिथे होता ती, त्यांची कन्या साधारण २३ ऑगस्ट ते २२ सप्टेंबर. त्यात अजून एक घोळ, आपलं गणित निरयन, म्हणजे ताऱ्यांपासून मोजलेलं, त्यांचं सायन, म्हणजे वसंत संपातापासून (मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तिथपासून) मोजलेलं, दोघांत सध्या २४ अंशांच्या आसपास फरक. त्यामुळे आपल्या हिशोबाने सूर्य कन्येत येतो तोच १७ सप्टेंबरच्या सुमारास. म्हणजे १ सप्टेंबरला तुमचा सूर्य आपल्या पंचांगात सिंहेत, त्यांच्याकडे कन्येत आणि चंद्र कुंभेत. तीन राशी झाल्या, हवी ती वाचा!

सूर्यराशीचे कॉलम फोफावले त्याचं कारण साधं, वाढदिवस सगळ्यांना माहीत असतो, जन्मवेळ नसते. १९३० च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या संडे एक्सप्रेसमध्ये आर. एच. नेलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या राजकन्या मार्गारेटचं भविष्य लिहिलं, ते लोकांना इतकं आवडलं की पुढे पेपरातलं राशीभविष्य ही रोजची गोष्ट झाली. लिहिणाऱ्यांनी वर एका ओळीत सांगून टाकावं की चंद्ररास धरलीय का सूर्यरास. बहुतेक जण सांगत नाहीत आणि मग वाचक दोन्हीकडून सोयीचं उचलतात.

प्रश्न: जगातल्या बाराव्या हिश्श्याच्या माणसांचा दिवस सारखा जाईल हे तुम्हाला स्वतःला पटतं का? की लोकांना गंडवणं शिकवताय?

उत्तर: नाही पटत. आणि प्रश्न चांगला आहे, रागावले नाहीये. १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं 'खास' व्यक्तिवर्णन दिलं आणि किती जुळतं याला ५ पैकी मार्क द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. सगळ्यांना दिलेला कागद एकच होता, त्यातली बरीच वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली. पुढे १९८५ मध्ये शॉन कार्लसन यांची चाचणी नेचरमध्ये छापून आली, त्यात ज्योतिषांना पत्रिका बघून तीन व्यक्तिवर्णनांतलं खरं एक ओळखायचं होतं, जमलं ते अंदाजपंचे जेवढं जमलं असतं तेवढंच.

मग मी हे का लिहिते? कारण वाचणारा सकाळी दोन मिनिटं थांबतो आणि स्वतःच्या दिवसाकडे बघतो, त्या दोन मिनिटांत कुणीतरी धड बोलावं असं मला वाटतं. पटलं नाही तर सोडून द्या. पण म्हणूनच काही गोष्टी मी लिहीतच नाही: आजारपण, मृत्यू, कोर्टाचा निकाल, शेअर्स, कुणाचं लग्न टिकेल का. आणि उपाय म्हणून खडे-बिडे तर अजिबात नाही.

प्रश्न: मी लिहिलं 'आज धनलाभ' आणि त्याच दिवशी एका वाचकाचं पाकीट मारलं गेलं, त्याने मला शिव्या घातल्या. काय उत्तर देऊ?

उत्तर: सॉरी म्हणा. आणि घटना लिहिणं बंद करा. दुसरं स्थान पैशाचं, तर दुसऱ्या चंद्राला 'धनलाभ' लिहिण्याऐवजी 'कुणाकडे पैसे अडकलेत ते आज एकदा लिहून काढा' असं लिहिलं तर पाकीट मारलं गेलं तरी वाक्य खोटं ठरत नाही, उलट बिचाऱ्याला कामाला येईल.

माझंही झालंय बरं का. चौथं स्थान आईचं आणि घराचं, म्हणून सुरुवातीला मी एकदा चौथ्या चंद्राला 'आईच्या प्रकृतीकडे लक्ष द्या' असं सहज ठोकून दिलं होतं. एका बाईंचं पत्र आलं, त्यांची आई दोन वर्षांपूर्वी गेलेली, आणि ते वाचून त्या दिवसभर कामातून उठल्या. तेव्हापासून माझ्या वहीतल्या चौथ्या पानावर आई हा शब्द खोडलेला आहे, त्याच्या जागी 'गळका नळ, किल्ल्या, घरमालक' असं लिहिलंय.

प्रश्न: रोज रात्री लिहावं की महिन्याचं एकदम लिहून ठेवावं?

उत्तर: आठ-आठ दिवसांचं लिहा. महिन्याचं एकदम बसून लिहिलं तर विसाव्या दिवशी तुम्ही दमलेले असता आणि ते वाचकाला कळतं. चंद्र दुपारी रास बदलणार असेल तर सकाळ आणि संध्याकाळ वेगळी लिहा, उगाच पूर्ण दिवस एकाच्या नावावर घालू नका. आणि जुनं कॉपी-पेस्ट करायचा मोह होईल, सत्तावीस दिवसांनी चंद्र तिथेच येतो ना! मी एकदा केलं. आजोबांच्या वयाच्या एका वाचकांनी दोन्ही कात्रणं एकाच पाकिटातून पाठवली, खाली लाल पेनाने तारखा घातलेल्या, बाकी एक अक्षर नाही. कन्या रास असणार, नक्की.