छोटा कॉम्प्रेसर, ३०० बार आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात पीसीपी एअरगनबद्दल, म्हणजे ज्यात आधी जास्त दाबाची हवा भरून ठेवावी लागते त्या गनबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर आलेली बरीचशी पत्रं हवा भरायच्या मशीनबद्दलच निघाली. म्हणून यावेळचं सगळं पान त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : माझ्या रायफलीचा सिलिंडर २०० सीसीचा आहे, २०० बारला (बार हे हवेच्या दाबाचं माप) भरतो. हातपंप मारून मारून खांदा दुखायला लागलाय. १२ व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर घ्यावा म्हणतोय, पण मित्र म्हणतो पाण्यावर थंड होणारा मोठा घे, नाहीतर छोटाच घे पण एक मोठी टाकी भरून ठेव म्हणजे कटकट नाही. जाहिरातीत दोन्हींवर ३०० बार, ४५०० पीएसआय असंच लिहिलंय. मग फरक कशात आहे?

३०० बार हा आकडा बघून मशीन निवडूच नका, तो जवळपास सगळ्यांवर छापलेला असतो. (पीएसआय हेही दाबाचंच माप, ३०० बार म्हणजे साधारण ४३५० पीएसआय, ४५०० म्हणजे ३१० बार, त्यामुळे एकाच डब्यावर हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसले की समजायचं छापणाऱ्याने हिशोब केलेला नाही.) मशीन कुठपर्यंत पोचू शकतं एवढंच त्यातून कळतं, रोज पोचून किती दिवस टिकेल ते कळत नाही, आणि आपल्याला तेच हवं असतं.

आधी स्वतःला हवा किती लागते ते मोजा. सिलिंडर किती लिटरचा आणि प्रेशर किती बार वाढवायचं याचा गुणाकार केला की ढोबळ उत्तर मिळतं. तुमचा सिलिंडर ०.२ लिटरचा, तुम्ही १०० बारवर आलात की परत २०० करता, म्हणजे १०० बारची वाढ, म्हणजे २० लिटर साधी, न दाबलेली हवा. मशीन मिनिटाला ४ लिटर देत असेल तर ५ मिनिटांत काम झालं. छोट्या मशीनला हे आरामात झेपतं, मशीन नीट तापायच्या आत बंदसुद्धा होतं.

आता मित्राची मोठी टाकी घ्या. ६.८ लिटरची टाकी १०० वरून ३०० ला न्यायची तर १३६० लिटर हवा लागते. त्याच ४ लिटरवाल्या मशीनला ३४० मिनिटं, म्हणजे साडेपाच तासांच्या वर, आणि हे न थांबता. पण ही छोटी मशीनं एका दमात १५-२० मिनिटंच चालवायची असतात, मग तेवढाच वेळ गार होऊ द्यायची. म्हणजे सकाळी बसलात तर रात्र होणार. ते मशीन टाकी भरायला बनलेलंच नाही.

यामागचं कारण समजून घ्या, मग कुठलंही मशीन समोर आलं तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल. हवा दाबली की तापते, हातपंपाचा खालचा भाग गरम लागतो तो त्यामुळेच. डायव्हिंगवाल्यांचे मोठे कॉम्प्रेसर ३०० बार तीन किंवा चार टप्प्यांत गाठतात आणि मधे मधे हवा गार करतात, तीन टप्पे धरले तर प्रत्येक टप्प्यात हवा साधारण सात पटीनेच दाबली जाते. आपल्या छोट्या मशीनमध्ये बहुतेक दोनच टप्पे असतात, म्हणजे प्रत्येकात १७ पट! एवढ्या उष्णतेत दुसऱ्या टप्प्याचा तो बोटाएवढा पिस्टन आणि त्याची सील (बाजूने हवा निसटू न देणारी कडी) काम करत असते. मशीन मरतं ते तिथून मरतं, मोटर क्वचितच जाते.

हे मी स्वतः बघितलंय. माझं पहिलं मशीन मी मित्राच्या टाकीला लावून ४० मिनिटं सलग चालवलं, काटा १४० वर आला आणि थांबला, मोटर चालू, आवाज नेहमीसारखाच पण काटा हलेना. गार झाल्यावर हेड (जिथे हवा दाबली जाते तो वरचा भाग) उघडलं तर सीलची कड काळी पडून वितळलेल्या प्लॅस्टिकसारखी एका बाजूला वळली होती. सील नखाएवढी, पण ती कुठे मिळेना, विकणाऱ्याने सांगितलं आम्ही सुटे भाग ठेवत नाही. ते मशीन तसंच पडून राहिलं.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं, छोटंच घ्या, तुमच्या कामाला ते पुरून उरेल. फक्त चार गोष्टींवर अडून बसा : हेडचं तापमान दाखवणारा मीटर हवा, ठरवलेल्या प्रेशरला आपोआप बंद व्हायला हवं, फॅन थेट हेडवर वारा मारणारा हवा, आणि पिस्टनची सील नि ओ-रिंगचा (जोडांत बसणाऱ्या रबरी कड्यांचा) सेट आजच, मशीनबरोबरच मिळायला हवा. चौथी गोष्ट नसेल तर पहिल्या तीन असूनही मी घेणार नाही. पाण्यावरचं मोठं मशीन चांगलंच असतं, पण त्याला बादली, पाण्याचा पंप, तेल बदलणं हे सगळं लागतं आणि ते काही पिशवीत घालून शूटिंग रेंजवर नेता येत नाही. तीन-चार जण मिळून वापरणार असाल किंवा टाकी भरणारच असाल तर तेच घ्या.

अजून एक. तुमच्या रायफलीत रेग्युलेटर (दर शॉटला ठरावीक प्रेशरचीच हवा पुढे सोडणारा भाग) असेल तर दर वेळी सिलिंडर वरच्या टोकापर्यंत भरायची गरज नसते, रेग्युलेटरच्या प्रेशरच्या वर हवा आहे तोपर्यंत शॉट सारखेच पडतात. ज्यांच्या गन ३०० च्या आहेत त्यांनी २५० ला थांबून बघा, थोडे शॉट कमी मिळतील पण शेवटचे ५० बारच मशीनला सगळ्यात जड जातात.

प्रश्न : टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर घरात आहे, त्याला अडॅप्टर लावून चालेल का?

नाही. तो ८-१० बारचा असतो, तुम्हाला २०० हवेत. आणि त्याचा पाइप, कनेक्टर काहीच जास्त प्रेशरच्या लाइनला जोडू नका, उलटी हवा आली तर तो पाइप फुटेल.

प्रश्न : १२ व्होल्टचं मशीन गाडीच्या लायटर सॉकेटवर लावलं की फ्यूज उडतो. मशीन खराब आहे का?

मशीन बहुतेक ठीकच आहे. ३०० वॅटचं मशीन १२ व्होल्टवर २५ अँपिअर ओढतं, तेवढा करंट द्यायला सॉकेट बनलेलं नसतं. मशीनबरोबर आलेले चिमटे थेट बॅटरीला लावा आणि इंजिन चालू ठेवा. वायर लांब करायच्या असतील तर जाड घ्या, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, मोटर मंद फिरते आणि मंद मोटर जास्त तापते. घरी वापरायला अडॅप्टर घेत असाल तर त्याच्यावर अँपिअर किती लिहिलेत ते आधी बघा.

प्रश्न : मशीनसोबत कापसाचा एक छोटा फिल्टर आलाय. तेवढा पुरतो का? दुकानदार म्हणाला हवेतच पाणी असतं, त्याला आपण काय करणार.

दुकानदाराचं पहिलं वाक्य खरं आहे, दुसरं नाही. समजा ३० अंश तापमान आहे आणि आर्द्रता ७० टक्के. अशा एक घनमीटर हवेत साधारण २१ ग्रॅम पाणी असतं. ३०० सीसीचा सिलिंडर रिकाम्यापासून ३०० बारला भरला तर ९० लिटर हवा आत गेली, तिच्याबरोबर जवळजवळ २ ग्रॅम पाणी. एकदा भरताना २ ग्रॅम! दाबलेल्या हवेत वाफेला जागाच उरत नाही म्हणून ते जवळपास सगळं पाणी होऊन बाहेर पडतं, एक तर तुमच्या ड्रेनमध्ये (मशीनमधलं साठलेलं पाणी सोडायच्या तोटीत) नाहीतर गनमध्ये. गनमध्ये गेलेलं दिसत नाही, व्हॉल्वच्या स्प्रिंगवर गंज चढतो, रेग्युलेटरचं प्रेशर हळूहळू सरकायला लागतं आणि आपण महिनाभर छऱ्यांना दोष देत बसतो.

कापूस तेलाचे थेंब आणि थोडं पाणी धरतो, वाफ धरत नाही. त्याच्या पुढे एक वेगळा फिल्टर लावा, ज्यात ओलावा शोषणारे दाणे भरता येतात, मॉलिक्युलर सीव्ह म्हणून मिळतात. क्रम लक्षात ठेवा, आधी हवा थोडी गार होऊन पाणी सुटायला हवं, मग दाणे. गरम हवा थेट दाण्यांवर सोडली तर ते नीट शोषतच नाहीत. कापूस ओला झाला की त्याच दिवशी बदला, आणि मशीन चालू असताना दर ५ मिनिटांनी ड्रेन हळूच थोडा उघडा. पांढरट फवारा आणि दोन-चार थेंब आले तर सगळं ठीक चाललंय. दमट दिवशी काहीच बाहेर आलं नाही तर मात्र काळजी करा, ते पाणी पुढे गेलंय.

प्रश्न : माझी मुलगी १० मीटर एअर पिस्तूल करते. घरी छोट्या मशीनवर सिलिंडर २०० बारला भरते, पण सकाळी रेंजवर बघावं तर १८५. लीक आहे का? आणि असं घरी भरणं सुरक्षित आहे ना, मला खरंच भीती वाटते.

ताई, आधी लीकचं बघू. भरताना सिलिंडरमधली हवा तापते. आतली हवा ५० अंशांवर असताना गेज २०० दाखवत असेल आणि रात्रीत ती २५ अंशांवर आली तर गेज साधारण १८५ दाखवणार, त्यात लीक काही नाही. सकाळच्या १८५ वर एक खूण करा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत बघा. तेवढंच असेल तर सिलिंडर घट्ट आहे. २०० च्या वर भरून ठेवायचा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका, सिलिंडरवर लिहिलंय त्याच्या वर जायचंच नाही. सावकाश भरा, १५० ला थांबून जरा गार होऊ द्या, मग पुढे.

भीती वाटते हे चांगलंच आहे, त्यामुळे माणूस नियम पाळतो. सिलिंडरवर तारीख असते ती आजच बघा, मॅचच्या सिलिंडरला कंपन्या साधारण १० वर्षांची मुदत देतात, आणि आयएसएसएफच्या (नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमात सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी खेळाडूचीच आहे. भरताना डोळ्यांवर चष्मा, पाइपाच्या रेषेत चेहरा नको, आणि कनेक्टर काढायच्या आधी ब्लीड स्क्रू उघडून पाइपमधली हवा पूर्ण जाऊ द्यायची. कनेक्टर जोर लावूनही निघत नसेल तर समजायचं आत अजून हवा आहे, पाना घ्यायचा नाही, परत ब्लीड करायचं.

मुलीला हेही सांगा की मशीन आपोआप बंद होतं म्हणून लावून दुसऱ्या खोलीत जायचं नाही. सेन्सर कधीतरी दगा देतो. नवीन मशीन आलं की मी पहिल्यांदा ते १०० बारवर सेट करून बघतो, १०० लाच थांबतं का. सेन्सर चुकला तर शेवटचा आधार म्हणजे बर्स्ट डिस्क, पातळ धातूची चकती असते, ठरावीक प्रेशरला ती फाटते आणि हवा मोकळी होते, आवाज बंदूक उडाल्यासारखा येतो पण माणूस वाचतो. ती फाटली तर तशीच एक नवीन लावा. सारखी फाटते म्हणून दोन चकत्या एकावर एक लावणारे लोक आहेत, ते माझ्यासमोर कोणी केलं तर मी त्या खोलीत थांबणार नाही.

प्रश्न : पिस्टनला घरातलं मशीन ऑइल चालेल का? आणि वर्कशॉपमधल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरवरून गन भरली तर?

ऑक्सिजन अजिबात नाही, कधीच नाही. जास्त दाबाचा ऑक्सिजन आणि तेल-ग्रीस एकत्र आलं की पेट घेतं, ठिणगीसुद्धा लागत नाही. गन हातात असताना फुटते. घरातलं साधं तेलही नको, गरम दाबलेल्या हवेत त्याची वाफ पेटू शकते. गनच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला चमक येईल इतपतच, आणि मशीनला त्याच्या पुस्तकात लिहिलंय तेच तेल.

प्रश्न : एक जण वापरलेलं मशीन विकतोय, "फक्त दहा वेळा वापरलं" म्हणतो. घेताना काय बघू?

किती वेळा वापरलं ते विचारूच नका, सलग किती वेळ चालवलं ते विचारा. आणि स्वतःचा सिलिंडर घेऊन जा. १०० पासून १५० पर्यंत किती वेळ लागतो आणि १५० पासून २०० पर्यंत किती, घड्याळ लावून बघा. दुसऱ्या ५० बारला थोडा जास्त वेळ लागणारच, पण दुप्पट लागत असेल तर सील गेलेली आहे. मग मशीन बंद करा, ब्लीड न उघडता गेजकडे बघत दहा मिनिटं गप्पा मारा. काटा पहिल्यांदा जरासा उतरेल, ते गार होण्याचं आहे, पण नंतरही घसरतच राहिला तर कुठेतरी हवा जातेय. ड्रेन उघडून खाली पांढरा कागद धरा. पाणी, थोडं दुधाळ तेल चालेल, काळे ठिपके आणि जळका वास आला तर आतमध्ये तेल किंवा सील जळलेली आहे.

हेडच्या स्क्रूंची टोकं घासलेली दिसली तर मशीन उघडलेलं आहे, त्यात वाईट काही नाही, उलट सील बदलली असेल तर बरंच, फक्त काय बदललं ते विचारा. बर्स्ट डिस्कचं नट मात्र त्याच्यासमोर, प्रेशर शून्य करून, उघडायला लावा. आत चकतीऐवजी बोल्ट किंवा जाड वायसर निघाला तर तिथूनच परत या. आणि "पाच मिनिटं चालवून बघा की, कळतंय सगळं" असं तो म्हणाला तर ऐकू नका, गार मशीन पाच मिनिटं सगळंच चांगलं चालतं, पंधरा मिनिटं चालवून, तापल्यावर त्याच १५० ते २०० चा वेळ परत एकदा मोजा.