खाऱ्या वाऱ्यातली छऱ्याची बंदूक

जुन्या यंत्रांविषयी वाचकांची पत्रं येतात, मी या सदरात उत्तरं देतो. मागे एका उत्तरात मी ओघात लिहून गेलो की घरी जुन्या एअरगन, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा मारणाऱ्या बंदुका, आहेत. तेव्हापासून गंजलेले पंप आणि शिवणयंत्रं मागे पडली आणि पत्रं येतात ती बंदुकांचीच. तेव्हा हा अंक त्यांच्या नावे; आधी पत्र, त्याखाली माझं उत्तर. मी एस.टी.च्या डेपोत बत्तीस वर्षं पान्हे चालवले, बंदूक हा नुसता नाद. देवगडच्या घरात आज नऊ आहेत. त्यातल्या दोन चालत नाहीत आणि एक चालू नये अशीच माझी इच्छा आहे.

आजोबांच्या पश्चात वेंगुर्ल्याचं घर आवरताना माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली एअरगन मिळाली. नळीवर तांबेरा आहे, दस्त्याला चीर आहे. लोखंडावर हात वर केलेल्या बाईचं चित्र कोरलंय. घासून, पॉलिश करून विकली तर किती येतील?

आधी तो पॉलिश पेपर खाली ठेवा. ती बाई म्हणजे डायना, रोमन लोकांची शिकारीची देवी. भिंग घेऊन बघा, तिने बंदूक डोक्यावर उंच धरलीय आणि धनुष्यबाण टाकून दिलाय. जर्मनीतल्या रास्टाट गावच्या मायर अँड ग्रामेल्सपाखर या कंपनीची ही खूण. कंपनी १८९० सालची.

आता सिलिंडरच्या मागच्या टोकाला, डाव्या बाजूला, दस्त्याच्या जरा वर बोटाने चाचपा. युद्धानंतरच्या जर्मन डायनांवर तिथे महिना आणि वर्ष बारीक आकड्यांत ठोकलेलं असतं. माझ्या एकीवर ते गंजाखाली इतकं दडलं होतं की रॉकेलचा बोळा दोन दिवस बांधून ठेवला तेव्हा कुठे दिसलं. पेपर मारला असता तर बंदुकीची जन्मतारीखच गेली असती. नळीवर जर्मनीऐवजी ग्रेट ब्रिटन असेल तर लगेच ‘नकली’ म्हणू नका. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्याची यंत्रं ब्रिटनला गेली आणि स्कॉटलंडमध्ये मिलब्रो कंपनी डायना नावानेच बंदुका बनवू लागली. खुद्द जर्मन कंपनीला ब्रिटनमध्ये आपला माल ‘ओरिजिनल’ या नावाने विकावा लागला. दोन्ही खऱ्याच. याखेरीज डायनाच्या धर्तीवर आपल्या देशातही पुष्कळ बंदुका झाल्या. त्या ओळखायच्या स्क्रूवरून. स्क्रूची खाच मध्यभागी नसेल, लोखंडाच्या कडा हाताला बोचत असतील, तर बंदूक इथलीच. तीही ठेवण्यासारखी असते, पण पैसे डायनाचे मोजू नयेत.

दस्ता सोडवून लाकडाखालचं लोखंड बघा. आपल्याकडे हातांचा घाम आणि समुद्राची हवा तिथेच मुरते. वरून काळीभोर दिसणारी बंदूक आतून खड्डे पडलेली निघते. वरचा तांबेरा तेल आणि बारीक पितळी ब्रशने हळूहळू निघतो. खड्डा मात्र भरून येत नाही. चिरेला सुताराकडून सरस लावून घ्या, रंधा मारू देऊ नका.

आणि कृपा करून लगेच चाप ओढू नका. जुन्या बंदुकीत स्प्रिंगने पुढे धावणाऱ्या पिस्टनच्या तोंडाला चामड्याचा वॉशर असतो. इतक्या वर्षांत त्याचं पापड झालेलं असणार. नळी मोडून, म्हणजे सांध्यावर खाली वाकवून, सिलिंडरच्या तोंडाशी जे हवेचं भोक दिसतं, त्यात चामड्याला लावतात ते नीट्सफूट तेल चार थेंब सोडा आणि दस्ता खाली, नळी वर अशी रात्रभर भिंतीला टेकवून ठेवा. वॉशर फुगतो. मग छर्रा भरूनच उडवा. पहिल्या दोनचार बारांना धूर येईल, आवाजही मोठा होईल, घाबरू नका.

आत हात घालायचा मोह झालाच तर माझी गोष्ट ऐका. पहिली डायना २७ मी अशीच उत्साहाने पलंगावर बसून खोलली. स्प्रिंग दाबून धरायला काही लावलं नव्हतं. ती सुटली आणि समोरच्या कॅलेंडरमधल्या गणपतीच्या सोंडेला लागली. चापाच्या यंत्रणेत हरभऱ्याहून लहान अशा तीन पोलादी गोळ्या असतात, त्यांच्यावर पिस्टन अडकतो. त्या तिन्ही घरंगळत गेल्या. दोन पलंगाखाली मिळाल्या, तिसरी आठ दिवसांनी केरसुणीत. आई म्हणाली, “ह्यां लोखंड घरात ठेवलंस तर पावसात त्येची माती होतली.” तेवढ्यावर न थांबता मी नळी घासून चकचकीत केली. मूळचा निळसर काळा रंग गेला आणि त्याच पावसाळ्यात आईचा शब्द जवळजवळ खरा झाला. संग्रह करणारा माणूस मूळ रंगाला पैसे देतो, चकाकीला नाही. म्हणून किमतीचा आकडा मी पत्रावरून सांगत नाही.

एक शेवटचं, पण विकण्याच्या आधीचं. नळीचा बोअर, म्हणजे आतला व्यास, व्हर्निअर कॅलिपरने मोजा. ४.५ मि.मी. म्हणजे .१७७ इंच, आणि ५.५ मि.मी. म्हणजे .२२ इंच. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मि.मी. बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. तुमची .२२ निघाली तर गिऱ्हाईक शोधण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत जाऊन विचारा. ‘आजोबांची आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही.

गुहागरजवळ आमची आंब्या-नारळाची बाग आहे. वानरांनी हैराण केलंय. लांबून जोरात लागेल अशी एअरगन सुचवा. परवाना नको असलेली.

सुचवणार नाही. रागावू नका, माझीही चार कलमं आहेत आणि वानर कैरी अर्धी खाऊन उरलेली आपल्याच अंगावर टाकतं हे मी रोज बघतो. पण २० ज्यूलमध्ये वानर मरत नाही, छर्रा आत घेऊन जगतं. पोटात लागला तर आठवडाभर सडून कुणाच्या तरी विहिरीकाठी मरतं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा गुन्हा आहे. बंदुकीला परवाना लागत नाही याचा अर्थ कशावरही झाडायची मोकळीक आहे असा नाही. पक्ष्यांनाही हेच लागू. राखणदार, कुत्रा, गोफण, फटाके यांनी जे होईल ते होईल. नुकसानीचा अर्ज वनखात्याकडे करा. एअरगन विकत घ्यायची तर पत्र्याचे डबे फोडायला घ्या.

काका, मी अलिबागचा, नुकताच कमवायला लागलोय. एका बंदुकीच्या खोक्यावर सेकंदाला १२०० फूट वेग लिहिलाय, दुसरीवर ८००. पहिलीच चांगली ना? की पैसे साठवून पीसीपी घेऊ?

खोक्यावरचा आकडा हा मोटारसायकलच्या जाहिरातीतल्या ॲव्हरेजसारखा असतो, बाबा. तो काढताना मिश्रधातूचा अगदी हलका छर्रा वापरतात. तू रोज वापरणार तो शिशाचा, साधारण अर्ध्या ग्रॅमचा. हिशोब करून बघ. ०.५२ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २७४ मीटरने, म्हणजे ९०० फुटांनी गेला तर ऊर्जा साडेएकोणीस ज्यूल होते. परवान्याशिवायची मर्यादा तिथेच आली. याच छऱ्याने खरोखर १२०० फूट गाठले तर ती बंदूक कायद्याच्या पलीकडे गेली. आणि आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ११२५ फूट. त्याच्या आसपास छर्रा डगमगतो, नेम बिघडतो. ८०० वाली घे.

पण घेण्याआधी हातात घे. नळी मोडून डावीउजवीकडे हलवून बघ, सांध्यात खुळखुळ नको. मग नळी मिटवून सांध्यावर बिडीच्या कागदाचा कपटा ठेव आणि छर्रा भरून लाकडी फळीवर बार काढ. कपटा उडाला तर हवा गळतेय. दुकानदार हे करू देत नसेल तर दुसरं दुकान बघ. पक्कं बिल घे, ओळखपत्राची प्रत दे, बिलावर नंबर आणि बोअर लिहून घे.

स्प्रिंगची बंदूक मारायला शिकणं हा वेगळा अभ्यास आहे. आत जड पिस्टन पुढे धावतो आणि हवेच्या उशीवर आपटून थबकतो, म्हणून ती आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी झटका देते, आणि तोवर छर्रा नळीतच असतो. घट्ट आवळून धरलीस तर प्रत्येक वेळी वेगळीकडे जाईल. डावा तळवा उघडा ठेव, बंदूक त्यावर नुसती टेकव, खांद्याला जेमतेम लागू दे. छऱ्याशिवाय चाप ओढू नकोस, पिस्टन आपटून स्प्रिंग आणि वॉशर दोन्ही जातात. आणि नळी मोडलेली असताना चापाला बोट लावायचं नाही. माझ्या मावसभावाने लावलं होतं. नळी फाटकन वर आली, सांध्याशी वाकली. बोट वाचलं ते नशीब.

पीसीपी म्हणजे आधीच हवा दाबून भरलेली सिलिंडरची बंदूक. झटका नाही, नेम पहिल्या दिवसापासून लागतो. भारतात प्रिसिहोल कंपनी दोन्ही तऱ्हेच्या बनवते. पण २०० बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास हवा हातपंपाने भरायची म्हणजे व्यायामशाळाच, आणि आपल्याकडे त्या हवेबरोबर पाणी आत जातं. पंपाचा दाब थोड्या थोड्या वेळाने सोडून पाणी काढून टाकावं लागतं, नाहीतर सिलिंडर आतून गंजतो. २०० बारचा गंजलेला सिलिंडर घरात ठेवणं मला तरी जमणार नाही. दोन पावसाळे स्प्रिंगवाली सांभाळ, मग पीसीपीचं बोलू.

मुलगी चौदा वर्षांची आहे, रायफल शूटिंग शिकायचं म्हणते. एका ओळखीच्यांकडे जुनी जर्मन मॅच रायफल (स्पर्धेची) विकाऊ आहे. घेऊ का?

आधी रेंज, मग रायफल. पनवेलला ऑलिंपिक खेळलेल्या सुमा शिरूर यांची अकादमी आहे. २०२२ मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झालेला रुद्रांक्ष पाटील ठाण्याचा. म्हणजे आपल्या बाजूला हा खेळ परका नाही. क्लबच्या रायफलवर तिला काही महिने मारू दे. दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहाचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा असतो. तो बघून किती मुलांचा उत्साह टिकतो ते प्रशिक्षकाला चटकन कळतं.

जुनी रायफल हवेच्या सिलिंडरची असेल तर सिलिंडरवर कोरलेली मुदतीची तारीख आधी वाचा. ती उलटली असेल तर नवीन सिलिंडरची किंमत हिशोबात धरूनच बोलणी करा. जर्मन फाइनवेर्कबाउ ३०० एस सारखी, स्प्रिंग बाजूच्या दांड्याने ताणायची असेल तर मला कळवा. ती तुमच्या मुलीला आजच्या स्पर्धेसाठी उपयोगाची नाही, पण मी रात्रीची गाडी पकडून येईन. आत स्प्रिंग असूनही झटका खांद्याला पोचत नाही, कारण बार होताना वरचा सगळा भाग रुळावरून मागे सरकतो. अशी यंत्रं आता कोण बनवतो?

आगोटीच्या वेळी बंदुकीला खोबरेल लावून ठेवलं तर चालतं का? आमच्याकडे सगळ्यालाच लावतात.

केसांना लावा. बंदुकीवर ते चिकट होतं, धूळ धरतं, आणि आत गेलं तर दाबाने पेटून भडका देतं. बाहेरून बंदुकीचंच तेल, जुन्या बनियनच्या फडक्याने, पातळ. जुलैत उघड्या लोखंडावर बोटाचा ठसा राहिला तर तिसऱ्या दिवशी त्याच ठशाचा गंज दिसतो, म्हणून हात लागला की पुसायची. रेक्झिनच्या कव्हरात घालून ठेवू नका, आत घाम धरतो आणि चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते. माझ्या माजघरात आतल्या भिंतीला, चिऱ्याला न टेकता, दोन खुंट्यांवर आडव्या असतात. बाहेरच्या भिंती श्रावणापर्यंत ओल्याच. स्प्रिंग नेहमी सैल.

कुणकेश्वरच्या जत्रेत फुगे फोडायच्या स्टॉलवर माझा एकही नेम का लागत नाही? घरच्या बंदुकीने तर डबे उडवतो.

कारण ती बंदूक दिवसाला हजार हातांतून जाते. पोरं नळीवर रेलतात, माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) वाकते, सांधा सैल होतो. मालक मुद्दाम वाकवतो असं सगळे म्हणतात, पण त्याला वाकवायची गरजच पडत नाही. माझी पहिली बंदूक मी अशाच एका स्टॉलवाल्याकडून जत्रा उठताना घेतली. पैसे मोजून घेतल्यावर तो म्हणाला, “दीड बोट डावीकडे जाते, सांगायचं राहिलं.” पुढच्या वेळी पहिला छर्रा फुग्यावर घालवू नका. दोन फुग्यांच्या मधे फळीवर एक खिळा किंवा डाग शोधा, त्यावर मारा आणि कुठे लागलं ते बघा. तेवढंच अंतर उलट बाजूला धरून पुढचे मारा. बंदूक मधेच बदलू मात्र नका, स्टॉलवाला आग्रह करील तरी.