सुया टोचून घेऊ काय, मॅडम?

कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतले सुपरवायझर असोत, शाळेतल्या बाई असोत की दवाखान्यातल्या सिस्टर, हल्ली माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. ताणावर अ‍ॅक्युपंक्चर चालतं म्हणतात, ते खरं आहे का? नुसतं हो किंवा नाही म्हणून भागत नाही. म्हणून एका गृहस्थांची हकीकत सांगते. परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

दिलीपराव म्हणू त्यांना. शहरातल्या एका पतसंस्थेत शाखाधिकारी. ठेवी, सोनेतारण, पिग्मी एजंटांचा रोजचा भरणा, हे काम त्यांच्या हाताखालून गेलेलं. पण वसुली बघणारा माणूस निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणी आलं नाही आणि ते काम शाखेच्या कामावर चढवून यांच्या गळ्यात पडलं. एनपीए, म्हणजे थकलेली कर्जं, वाढला की मुख्य कार्यालयाचा फोन. सहकार कायद्याच्या कलम १०१ खालच्या वसुली दाखल्यांच्या फायली यांच्याच टेबलावर. आणि रात्री जेवायला बसलं की जामीनदार: "साहेब, मी नुसती सही केलती की ओ!"

पहिल्या भेटीत खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी घडी घातलेला कागद पुढे केला. दहा सिटिंगचं पॅकेज होतं, खाली ठळक अक्षरांत 'बर्नआउटपासून कायमचा बचाव'.

"मॅडम, एवढंच सांगा. सुया टोचून घेऊ काय? बाकी माझं काय नाही."

बाकीचं बरंच होतं. मान एका बाजूला आखडलेली. पहाटे तीनला जाग. शर्टाच्या खिशात अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. बोलता बोलता फोन वाजला, त्यांनी तो पालथा केला आणि कसनुसं हसले. "साडू हाय माझा." मग स्वतःहूनच स्क्रीन दाखवली. साडूचा नंबर 'जामीनदार उचगाव' या नावानं सेव्ह होता. चुलतभाऊ 'थकबाकी ३'. म्हणाले, "आता माणूस दिसला की आधी त्याचं खातं दिसतंय."

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची जी व्याख्या दिली, तिच्यात तीन गोष्टी आहेत. अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन विटणं किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. त्या दोन नावांत मला दुसरी गोष्ट दिसली. संघटनेनं आणखी एक नीट सांगितलंय: बर्नआउट हा आजार म्हणून धरलेला नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ तसाच राहिला, त्याची काही व्यवस्था लागली नाही, तर त्यातून ही अवस्था येते. पॅकेजवाल्या कागदावर यातलं अवाक्षर नव्हतं.

सुयांकडे वळण्याआधी त्यांना फॅमिली डॉक्टरकडे पाठवलं. रक्तदाब, साखर, थायरॉइड बघून घ्या म्हटलं, कारण थकव्याला दर वेळी मनच जबाबदार नसतं. रक्तदाब वाढलेला निघाला, गोळी सुरू झाली. जीव नकोसा वाटतो का, हेही मी सरळ विचारते. त्यावर ते म्हणाले, "जीव नको न्हाय वाटत मॅडम, फोन नको वाटतोय." हे उत्तर वेगळं आलं असतं तर सगळी वाटच वेगळी झाली असती, मानसोपचारतज्ज्ञांपासून सुरू होणारी. (रात्री-अपरात्री कुणाला असं वाटलंच तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.)

मग अ‍ॅक्युपंक्चरचं संशोधन काय म्हणतं ते त्यांच्यासमोर मांडलं. हिशेबाचा माणूस, आकडे दिले की ऐकतो.

ताणासाठी कानावर सुया लावायची पद्धत बरीच वापरली जाते. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या लिंकन हॉस्पिटलमध्ये व्यसनी रुग्णांसाठी ती आकाराला आली, दोन्ही कानांवर ठरलेल्या पाच-पाच जागी. पुढे आपत्तीत काम करणारे आणि दवाखान्यांतले कर्मचारी यांच्यावरही ती करून पाहिली गेली. लोकांना बरं वाटतं, झोप सुधारते, असे निष्कर्ष येतात. पण असे बरेच अभ्यास लहान असतात, काही आठवड्यांत आटोपतात, आणि कित्येकांत तुलनेला दुसरा गटच नसतो. निवांत पडून राहिल्यानं बरं वाटलं की सुईनं, हे मग सांगायचं कसं?

ती तुलना जिथं नीट झाली तिथलं चित्र मजेशीर आहे. जर्मनीत २००७ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरनं ४७.६ टक्क्यांना गुण आला. मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्क्यांना. नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना. दिलीपरावांनी बोटावर हिशेब केला आणि म्हणाले, "म्हणजे टोचल्यानं फरक पडतोय, कुठं टोचलं त्यानं फारसा नाही?" या अभ्यासापुरतं तरी तसंच. जुनाट दुखण्यांवरचे सगळे मोठे अभ्यास एकत्र केले की खरी सुई खोट्या सुईपेक्षा थोडी सरस ठरते, हेही सांगायला हवं.

मला स्वतःला २००८ चा अमेरिकेतला अभ्यास जास्त बोलका वाटतो. पोटाच्या तक्रारींचे २६२ रुग्ण होते. काहींना नुसतं थांबवून ठेवलं, त्यांतल्या २८ टक्क्यांना आराम वाटला. काहींना सुई आत न जाणारं खोटं अ‍ॅक्युपंक्चर दिलं, पण फारसं न बोलता. तिथं ४४ टक्के. तिसऱ्या गटालाही खोटंच दिलं, पण आपुलकीनं विचारपूस करून, वेळ देऊन. तिथं ६२ टक्के! समुपदेशक म्हणून मला यात आनंद व्हावा हे उघड आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगते. इंग्लंडमध्ये ७५५ नैराश्यग्रस्तांवर केलेल्या, २०१३ मध्ये आलेल्या अभ्यासात अ‍ॅक्युपंक्चर आणि समुपदेशन दोन्ही नेहमीच्या उपचारांहून सरस ठरले, आणि त्या दोघांत म्हणावा असा फरक सापडला नाही. तो अभ्यास नैराश्याचा होता, बर्नआउटचा नव्हे. पण सुईवाल्याला नाक मुरडायचा हक्क मला तरी त्यानं ठेवलेला नाही.

तर दिलीपरावांना मी म्हटलं, जरूर जा. मान मोकळी झाली, झोप लागली तरी पुष्कळ झालं. दहांचे पैसे आधी भरू नका, दोन-तीन सिटिंग करून बघा. महाराष्ट्रात या उपचारासाठी स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा नोंदणी आहे का विचारा. सुया तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघायला हव्यात आणि एकदा वापरून फेकल्या जायला हव्यात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगायचं. आणि रक्तदाबाची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही.

'कायमचा बचाव' या शब्दांवर मात्र मी काट मारली.

ते गेले, आणि फरक पडला. झोप पाचपर्यंत लांबली. तिथल्या भिंतीवर आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचा फोटो आहे, त्यांनीच ही विद्या आणली असं ते मला कौतुकानं सांगू लागले. (कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. ती भारतात आणण्याचं श्रेय त्याच पथकातल्या डॉ. बसूंचं, तेही कोलकात्यात. पण सोलापूरकराचं नाव पुढं येतं, येऊ दे.) काय बरं वाटतं असं विचारल्यावर म्हणाले, "फोन बाहेर ठेवायला लावतात ओ! अर्धा-पाऊण तास कुणी हाक मारत नाही."

तेवढ्यावरून पुढचं बोलणं सुरू झालं. नुसत्या सुयांनी भागलं असतं तर मुख्य कार्यालयात तोंड उघडावं लागलं नसतं, आणि त्यांना नेमकं तेच हवं होतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं असंच असतं. उपचार असा पाहिजे की साहेबाला कळू नये, घरात कळू नये, काम आहे तसं चालू राहावं आणि मी तेवढा बदलावा. मार्चअखेर जवळ आली तशी मान परत धरली. सुया त्याच होत्या, टोचणारी माणसंही तीच. टेबलावरच्या फायली तेवढ्या दुप्पट झाल्या होत्या.

मग आम्ही एक पत्र तयार केलं. 'मला ताण आहे' हे वाक्य मी मुद्दाम काढायला लावलं, कारण त्यावर 'ताण कुणाला नाही?' एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी आठवड्यात वसुलीचे फोन किती, किती रात्री आठनंतरचे, कोणत्या फायलींची मुदत कधी संपते आणि त्यापायी शाखेचं कोणतं काम मागे पडलं, हे तक्त्यात मांडलं. मागण्या दोन: वसुलीला वेगळा माणूस, आणि जामीनदारांसाठी ऑफिसचा नंबर, जो सहाला बंद होईल.

नंबर लगेच मिळाला. माणसाचं बघू म्हणाले. आणि आठवड्याभरात मुख्य कार्यालयाचं परिपत्रक आलं: सर्व सेवकांसाठी अ‍ॅक्युपंक्चरचं तणावमुक्ती शिबिर, रविवारी सकाळी आठ वाजता, उपस्थिती सक्तीची.

दिलीपराव परिपत्रक घेऊन आले तेव्हा आम्ही दोघंही आधी पोटभर हसलो. विरोध करू काय, विचारत होते. मी म्हटलं, शिबिराला कशाला विरोध? रविवारला करा. त्यांनी तसं लिहून दिलं, खाली शाखेतल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. शिबिर शुक्रवारी दुपारी, कामाच्या वेळेत झालं आणि सक्ती निघाली. वसुलीच्या माणसाचा विषय संचालक मंडळाच्या पुढच्या सभेत आहे.